भय, भोपळा आणि मुलाचा हात : हॅलोवीनविषयक इंग्रजी चित्रपुस्तकांची चिकित्सा

बीजशब्द : चित्रपुस्तक, बालवाचक, हॅलोवीन, भयानक रस, हस्तनिर्मिती

प्रास्ताविक

३१ ऑक्टोबरच्या रात्री साजरा होणारा हॅलोवीन हा सण मराठी वाचकास आता सर्वस्वी अपरिचित राहिलेला नाही. इंग्रजी चित्रपट, परदेशस्थ आप्तांची छायाचित्रे आणि शहरांतील काही इंग्रजी माध्यमाच्या पूर्वप्राथमिक शाळा यांच्याद्वारे तो आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. मात्र तो येतो तो बाजारातून विकत आणलेल्या मुखवट्याच्या आणि काळ्या टोपीच्या रूपाने. अमेरिका व ब्रिटन या देशांत या सणाच्या अनुषंगाने लहान मुलांसाठी जे चित्रपुस्तकांचे साहित्य निर्माण झाले, ते मुखवट्यासोबत येत नाही. प्रस्तुत लेखात या साहित्यातील काही निवडक कृतींचा आणि त्यांना जोडून केल्या जाणाऱ्या हस्तकलेचा विचार करावयाचा आहे.

अमेरिकेत ऑक्टोबर महिना लागला की सार्वजनिक ग्रंथालयांत भुताखेतांच्या चित्रपुस्तकांची वेगळी मांडणी केली जाते. बालवाडीतील शिक्षिका व घरोघरचे पालक दोन ते सात वर्षे वयाच्या मुलांना ही पुस्तके वाचून दाखवतात आणि वाचन संपले की कागद, कात्री, डिंक पुढे येतात. कागदी थाळीचे भूत, मोज्याची बाहुली, कोरलेला भोपळा असे काहीतरी मुलांकडून करवून घेतले जाते. ‘आधी पुस्तक, मग हस्तकला’ हा क्रम इतका रूढ झाला आहे की त्यात पुस्तक हे हस्तकलेची प्रस्तावना ठरते. हा क्रम समीक्षेच्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. या प्रकारातील खरोखर चांगल्या पुस्तकांत हाताचे काम कथेच्या रचनेतच गुंफलेले असते, आणि मुलाच्या भीतीचे निरसन नेमके त्या कामातून होते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

भयानकाकडून हास्याकडे

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्यरसाचे विभाव सांगताना विकृत वेष आणि विकृत अलंकार यांचा प्रथम निर्देश केला आहे. भयानकाच्या विभावांत विकृत आवाज, पिशाचादिकांचे दर्शन, ओसाड घर, अरण्य हे येतात. हॅलोवीनच्या रात्री हे दोन्ही विभाव एकाच देहावर एकत्र येतात. पांढरी चादर पांघरलेले चार वर्षांचे मूल एकाच वेळी भूतही असते आणि भुताची नक्कलही असते. पाहणाऱ्याला भय वाटायचे की हसू यायचे, हे त्या चादरीचे शिवणकाम कितपत दिसते यावर अवलंबून राहते. ‘पीनट्स’ या चित्रमालिकेवर आधारित १९६६ सालच्या दूरचित्रवाणीपटात चार्ली ब्राऊनच्या चादरीला डोळ्यांसाठी गरजेपेक्षा कितीतरी अधिक भोके पडलेली असतात. त्या बिचाऱ्याचे भूत कोणाला घाबरवू शकत नाही, परंतु साठ वर्षे होत आली तरी प्रेक्षकांच्या स्मरणातून ते गेलेले नाही.

हा रसपालट पुस्तकाच्या कागदावर घडवून आणण्याचे सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणजे एड एम्बर्ली यांचे १९९२ साली प्रसिद्ध झालेले ‘गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!’ हे पुस्तक होय. यात कथानक असे जवळजवळ नाहीच. पहिल्या काळ्या पानावर साच्याने कापलेल्या दोन छिद्रांतून पिवळे डोळे दिसतात. पान उलटावे तसे नाक, दात असलेले तोंड, कान, विस्कटलेले जांभळे केस आणि हिरवा चेहरा एकामागून एक जमत जातात. मध्यावर राक्षस पूर्ण होतो. तेथून पुढे मूल त्याला घालवून देऊ लागते आणि प्रत्येक पानागणिक एकेक अवयव नाहीसा होत शेवटी केवळ काळोख उरतो. त्याने परत यायचे की नाही, हेही मूलच ठरवते.

या पुस्तकाची थोरवी त्याच्या यंत्रणेत आहे. राक्षस कशाचा झालेला आहे हे मुलाच्या बोटांना कळते, कारण बोटे छिद्रांतून आरपार जातात. एम्बर्ली यांनी १९७० मध्ये ‘ड्रॉइंग बुक ऑफ ॲनिमल्स’ या पुस्तकात गोल, त्रिकोण, रेघ, ठिपका अशा मोजक्या आकारांतून प्राणी कसे रेखाटावेत हे मुलांना शिकवले होते. राक्षसाचे पुस्तक हे त्या पद्धतीचेच पुढचे पाऊल आहे. जे अवयवशः जुळवता येते, ते अवयवशः मोडताही येते. शिक्षिकेने यानंतर मुलांना हिरवा कागद वाटून ‘आता राक्षस करा’ असे सांगितले, तर ती वेगळे काही करत नाही. पुस्तकाने केलेलेच पुढे चालवते. मात्र वर्गातल्या तीसही मुलांचे राक्षस एकाच नमुन्यावरून कापलेले असतील, तर मधला सगळा धडा वाया गेला असे म्हणावे लागेल.

लिंडा विल्यम्स यांचे, मेगन लॉइड यांच्या चित्रांसह १९८६ मध्ये आलेले ‘द लिटल ओल्ड लेडी हू वॉज नॉट अफ्रेड ऑफ एनिथिंग’ हे या दृष्टीने अधिक समृद्ध आहे. रानातून घरी परतणाऱ्या म्हातारीच्या वाटेत आधी दोन बूट येतात, मग विजार, सदरा, हातमोजे, टोपी आणि अखेरीस भोपळ्याचे भयंकर डोके. प्रत्येक वस्तूला स्वतःचा आवाज व हालचाल आहे. म्हातारी कोणालाच भीक घालत नाही, परंतु भोपळ्याचे डोके भेटल्यावर मात्र ती धावत सुटते आणि दार लावून घेते. (शीर्षकातील ‘कशालाही न भिणारी’ हे विशेषण येथे लेखिकेने मोठ्या खट्याळपणे पारखून घेतले आहे.) दारावर थाप पडते. म्हातारी धीर धरून दार उघडते, आपण भीत नसल्याचे सांगते, आणि मग भोपळ्याचे डोकेच हिरमुसते. कोणी घाबरतच नसेल तर आपले पुढे काय होणार, हा त्याच्यापुढचा पेच असतो. म्हातारी त्याच्या कानात एक युक्ती सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बागेत बूट, विजार, सदरा, मोजे, टोपी आणि डोके यांचे मिळून एक बुजगावणे उभे असते आणि ते कावळ्यांना हाकलत असते.

मराठी वाचकास येथे लेकीकडे जाऊन, भोपळ्यात बसून परत येणाऱ्या आपल्या म्हातारीची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोघीही रानातून एकट्या जातात, दोघींच्याही गोष्टीत भोपळा आहे. आपली म्हातारी भोपळ्याच्या आड लपून वाघाला चकवते. विल्यम्स यांची म्हातारी भोपळ्यालाच कामाला लावते. आपल्या गोष्टीत चातुर्य आहे, त्या गोष्टीत चातुर्याबरोबर एक प्रकारची गृहव्यवस्थाही आहे. सुटे सुटे असताना जे भय वाटते ते एकत्र बांधले की शेताचे राखण करते, ही कल्पना शेती करणाऱ्या समाजालाच सुचू शकते. बुजगावणे ही वस्तू मुळातच घरातल्या टाकाऊ कपड्यांतून हाताने केली जाते, त्यामुळे या पुस्तकानंतर मुलांनी जुन्या कपड्यांचे बुजगावणे उभे करणे यात कृत्रिमता राहत नाही. वॉल्टर बेंजामिन यांनी १९२८ सालच्या ‘एकेरी मार्ग’ या पुस्तकात, मुले बांधकाम, शिवणकाम, बागकाम यांतून उरलेल्या टाकाऊ वस्तूंकडे ओढली जातात आणि त्यांतून मोठ्यांच्या जगाची नक्कल करण्याऐवजी वस्तूंमध्ये नवी नाती जोडतात, असे निरीक्षण नोंदवले आहे. म्हातारीचे बुजगावणे हे त्या निरीक्षणाचे सुबोध रूप म्हणता येईल.

ज्युलिया डोनल्डसन व चित्रकार ॲक्सेल शेफलर यांच्या ‘रूम ऑन द ब्रूम’ (२००१) या पद्यकथेत हीच गोष्ट उलट्या बाजूने येते. चेटकिणीच्या झाडूवर मांजर, कुत्रा, पक्षी व बेडूक बसत जातात आणि भाराने झाडू मोडतो. ड्रॅगन चेटकिणीला खाऊ पाहतो, तेव्हा चिखलात माखलेले हे चौघे एकमेकांवर चढून एक अक्राळविक्राळ प्राणी ‘बनवतात’ आणि ड्रॅगनला पळवून लावतात. येथे भयंकर वस्तू दुर्बलांनी स्वसंरक्षणार्थ तयार केलेली आहे. ती कशी तयार झाली हे बालवाचकाला नंतर कळते, आणि कळताक्षणी भयाचे हसू होते. अखेरीस चौघेही आपापल्या परीने एकेक वस्तू कढईत टाकतात व सर्वांना बसता येईल असा नवा झाडू निर्माण होतो. वास्तविक या कथेत हॅलोवीनचा सणच नाही. केवळ चेटकीण आहे म्हणून ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये बाहेर काढली जाते, हा सणाच्या बाजारपेठेचा परिणाम होय.

एरिका सिल्व्हरमन यांचे ‘बिग पम्पकिन’ (१९९२) सलगमाच्या सुप्रसिद्ध रशियन लोककथेच्या धर्तीवर रचलेले आहे. चेटकीण, भूत, रक्तपिशाच व ममी यांना एकेकट्याने न हलणारा भोपळा चिमुकल्या वटवाघळाच्या सूचनेवरून सर्व मिळून हलवतात. सहकार्याचा बोध त्यात थोडा अधिकच ठळक आहे. तरी वाचून दाखवण्यास ते रंगतदार आहे. जीन टिथरिंग्टन यांच्या ‘पम्पकिन पम्पकिन’ (१९८६) मध्ये मात्र बोध शोधूनही सापडत नाही. जेमी नावाचा मुलगा बी पेरतो, रोप वाढते, फूल येते, भोपळा धरतो. तो भोपळा पोखरतो, त्यावर चेहरा कोरून खिडकीत ठेवतो आणि पुढील वसंतासाठी सहा बिया राखून ठेवतो. रंगीत पेन्सिलींनी सावकाश केलेल्या चित्रांतून वाढीचा वेळ मुलाच्या डोळ्यांना जाणवतो. भयाचा येथे लवलेश नाही. सणाच्या वस्तूमागे एक संपूर्ण ऋतू असतो, हे सांगणारे यासारखे दुसरे पुस्तक या प्रकारात प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

मॉरिस सेंडाक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) हे हॅलोवीनचे पुस्तक म्हणून लिहिलेले नाही, परंतु लांडग्याचा पोशाख घातलेल्या मॅक्समुळे ते या मांडणीत हटकून असते. १९६४ चे कॅल्डेकॉट पदक मिळालेल्या या पुस्तकावर मानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६९ मध्ये एका महिला मासिकातील सदरात, पुस्तक स्वतः न वाचता, प्रतिकूल अभिप्राय दिला होता. आईने उपाशी झोपायला पाठवणे हे मुलाच्या मनात परित्यागाचे भय निर्माण करते, असा त्यांचा आक्षेप होता. याच बेटेलहाइम यांनी पुढे १९७६ मध्ये परीकथांतील भयाची विस्तृत तरफदारी करणारा ग्रंथ लिहिला, हे येथे नमूद केले पाहिजे. पुस्तक उघडून पाहिले असते तर त्यांना एक गोष्ट निश्चित दिसली असती. सुरुवातीच्याच एका चित्रात जिन्याजवळच्या भिंतीवर राक्षसाचे एक रेखाचित्र लावलेले आहे आणि त्याखाली मॅक्सची सही आहे. म्हणजे पुढे ज्या बेटावर मॅक्स राजा होतो, तेथील प्राणी त्याने आधीच स्वतःच्या हाताने काढलेले आहेत. आपल्याच हातची चित्रे पाळीव करण्यास त्याला फार वेळ लागत नाही, यात नवल नाही.

हस्तनिर्मितीचा इतिहास आणि शेजाऱ्याचे भय

वरील पुस्तकांतील हाताच्या कामाचे महत्त्व मान्य केल्यावर ‘घरी बनवलेला हॅलोवीन’ या कल्पनेकडे भाबडेपणाने पाहण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये सलगम पोखरून त्यात दिवा ठेवण्याची चाल होती. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या कॅसलबार येथील ग्रामजीवन विभागात डोनेगॉलमधील अशा एका कंदिलाची प्लास्टरमधील प्रतिकृती आहे. तिच्या चेहऱ्यापुढे आजचा भोपळा अगदीच सोज्वळ वाटतो. स्कॉटलंडमध्ये वेषांतर करून दारोदार जाणारी मुले खाऊ मिळवण्यासाठी गाणे, कविता किंवा विनोद सादर करीत. अमेरिकेत हे स्थलांतरितांबरोबर गेले, सलगमाच्या जागी भोपळा आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच हस्तकलेचा व्यापार सुरू झाला. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन या कागद कंपनीने १९०९ साली आपले पहिले ‘बोगी बुक’ काढले. पोशाख, सजावट, मेजवानी घरच्या घरी कशी करावी याच्या सूचना देणारी ही पुस्तिका प्रत्यक्षात कंपनीचा क्रेप कागद खपवण्यासाठी होती. अर्थात पुस्तक आणि हस्तकला यांची जोडी जन्मतःच बाजारात झालेली आहे, आणि तिचे आवाहन प्रामुख्याने गृहिणीला होते. आजही ‘घरचा पोशाख’ या शब्दांआड बहुधा आईचे रात्रीचे जागरण असते. नोकरी करून घरी परतणाऱ्या आईला तयार पोशाख विकत घेतल्याबद्दल अपराधी वाटावे, अशी परिस्थिती हस्तनिर्मितीच्या कौतुकातून निर्माण होत असेल तर ते कौतुक तपासून घेतले पाहिजे. रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये तयार खेळणी मुलाला निर्माता न ठेवता केवळ मालक व वापरकर्ता करतात असे म्हटले, ते खरे आहे. परंतु आईने पूर्णत्वास नेलेला, मुलाने फक्त अंगात घातलेला सुबक पोशाखही मुलाला वापरकर्ताच करतो. कागदी थाळीचे वाकडे भूत त्यापेक्षा बरे.

याहून गंभीर बदल खाऊच्या बाबतीत घडला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेजारी मुलांना सफरचंदे, घरची बिस्किटे, पाकातल्या लाह्यांचे लाडू देत असत. १९६० व ७० च्या दशकांत सफरचंदात ब्लेड, मिठाईत विष अशा बातम्या पसरल्या. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एका मुलाचा विषारी मिठाईने मृत्यू झाला, तेव्हा विष देणारा त्याचा स्वतःचा पिताच निघाला. १९८२ मध्ये शिकागो परिसरात वेदनाशामक गोळ्यांत सायनाइड मिसळल्याने सात जण दगावले आणि भय शिगेस पोहोचले. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट व जेराल्ड होरिउची यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५८ पासूनच्या वृत्तांची छाननी केली. अनोळखी व्यक्तीने दिलेल्या खाऊमुळे मूल दगावल्याचे वा गंभीर जखमी झाल्याचे एकही उदाहरण त्यांना आढळले नाही. तरीही घरी केलेला खाऊ हद्दपार झाला आणि कारखान्यात वेष्टनबंद झालेली मिठाई तेवढी सुरक्षित ठरली.

येथे हस्तनिर्मित वस्तूचे स्थान बदलले, ही बाब या विषयावरील लेखनात पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही असे वाटते. पूर्वी हाताने केलेली वस्तू उंबरठा ओलांडून शेजाऱ्याच्या मुलाच्या हाती जाई. आता ती घरात किंवा वर्गात तयार होते आणि तेथेच भिंतीवर टांगली जाते. बाहेर जाते ती केवळ विकत घेतलेली वस्तू. १९५० साली फिलाडेल्फिया परिसरातील काही मुलांनी दुधाचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे सजवून त्यांतून गरजू मुलांसाठी पैसे गोळा केले व ते युनिसेफला पाठवले. पुढे त्यांची जागा छापील नारिंगी पेट्यांनी घेतली. उपक्रम मोठा झाला, हे इष्टच. पण हाताने केलेली वस्तू दारोदार नेण्याचे एक कारण मुलांकडून गेले.

या पार्श्वभूमीवर उपरोक्त पुस्तके पुन्हा वाचली असता एक साम्य जाणवते. म्हातारी थाप पडताच दार उघडते. चेटकीण प्रत्येक अनोळखी प्राण्याला झाडूवर जागा देते. सिल्व्हरमन यांच्या कथेत भोपळ्याची मिठाई चेटकिणीच्याच घरी शिजते आणि सर्वजण ती वाटून खातात. वेष्टन कोणी तपासत नाही. विशेष म्हणजे पहिले व तिसरे पुस्तक शेजाऱ्याविषयीचा हा संशय समाजात रुजल्यानंतरचे, अमेरिकेतलेच आहे. प्रौढ समाजाने जो विश्वास व्यवहारातून काढून घेतला, तो त्याने मुलांच्या पुस्तकात ठेवून दिला. यास ढोंग म्हणावे की ठेव म्हणावे, याविषयी मतभेद संभवतो. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण पुस्तके निदान रात्री झोपण्यापूर्वी मोठ्याने वाचली जातात आणि वाचणाऱ्या प्रौढाच्याही कानावर पडतात.

आपल्या संदर्भात

हॅलोवीन आपल्या शाळांनी साजरा करावा की नाही, हा वाद या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांतील मुले व तरुण गवत, कागद, बांबू यांचा नरकासुर करतात आणि पहाटे तो जाळतात. महाराष्ट्रात मुले दिवाळीला दगडमातीचे किल्ले करतात. भयंकराला हाताने घडवून हाताने मोडण्याची रीत आपल्याला नवी नाही. तिच्यावरचे चित्रपुस्तक मात्र सहजी हाती लागत नाही. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. अमेरिकेतील मराठी घरांच्या पायरीवर त्या दिवशी आकाशकंदील आणि कोरलेला भोपळा शेजारी शेजारी असणे अशक्य नव्हते. त्या घरांतल्या मुलांसाठी दोन्ही दिव्यांची गोष्ट मराठीत कोणी लिहिल्यास तिला वाचक मिळतील.

आपल्याकडील ज्या शाळा हा सण करतात, त्या मुलांना मुखवटा आणावयास सांगतात आणि पालक तो दुकानातून आणतात. त्याऐवजी अध्यापक विद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एम्बर्ली यांच्या यंत्रणेवर स्वतःचे एक पुस्तक करून पाहण्यास हरकत नाही. त्यांचा राक्षस उचलण्याची गरज नाही. नरकासुर पुरेसा आहे. त्यासाठी दहाबारा जाड काळे कागद, थोडे रंगीत कागद, डिंक आणि धारदार कटर लागते. कापण्याचे काम मोठ्यांनी करावे, चिकटवण्याचे मुलांनी. डोळ्यांची छिद्रे सर्व पानांवर एकाच जागी यावी लागतात, म्हणून पहिल्या पानाचा साचा आधी पुठ्ठ्यावर कापून घेतलेला बरा.